पोस्टर्समधले नौसैनिक

प्रश्न : महायुद्धकाळातील अमेरिकी नौदलाची भरतीची पोस्टर्स कोणी रंगवली? ते चित्रकार युद्धाच्या जवळ तरी गेले होते का?

उत्तर : पहिल्या महायुद्धातील सर्वांत परिचित नाव हॉवर्ड चँडलर ख्रिस्ती यांचे. नाविकाचा गणवेश घातलेली हसरी तरुणी ‘मी पुरुष असते, तर नौदलात गेले असते’ असे म्हणते, ते पोस्टर त्यांचेच. मूळचे स्वीडनचे हेन्री रॉयटरडाल यांना मात्र जहाजांचीच ओढ होती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॅक्लेलंड बार्कले यांच्या आयुष्यात आहे. 1942 च्या त्यांच्या पोस्टरमध्ये उघड्या अंगाचा नाविक तोफगोळा दोन्ही हातांनी पेलून उभा आहे. त्या ताणलेल्या स्नायूंकडे पाहिले की गोळ्याचे वजन आपल्यालाही जाणवते, आणि माझ्या मते त्या काळातील हे सर्वांत जिवंत चित्र आहे. मासिकांच्या मुखपृष्ठांमुळे आणि जाहिरातींमुळे आधीच नावारूपाला आलेले बार्कले स्वतः नौदलात अधिकारी झाले, रेखाटने करण्यासाठी प्रशांत महासागरातील आघाडीवर गेले, आणि जुलै 1943 मध्ये सॉलोमन बेटांजवळ त्यांच्या जहाजावर टॉर्पेडो आदळून मृत्युमुखी पडले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते.