शैतान हा फरिश्ता होता का? आणि मुसलमान फरिश्त्यांची प्रार्थना करतात का?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच देईन.

आधी शैतानाचं. इब्लिस, म्हणजे शैतान, 'जिन्नांपैकी (माणसांना न दिसणाऱ्या जीवांपैकी) होता' असं कुरआनात सूरह कहफमध्ये सरळ म्हटलं आहे. काही जुन्या भाष्यकारांनी त्याला फरिश्त्यांत धरलं होतं, पण मला ते पटत नाही. हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांप्रमाणे, फरिश्ते नूरापासून (प्रकाशापासून) घडले, जिन्न आगीपासून आणि पहिला माणूस आदम मातीपासून. फरिश्ते अल्लाहचा हुकूम मोडत नाहीत. इब्लिसने तर आदमपुढे झुकायला साफ नकार दिला, आणि अशी मुभा असते ती जिन्नांना आणि माणसांना.

फरिश्त्यांत कामं प्रत्येकाची ठरलेली. पैगंबरांकडे वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, घेऊन येणारे जिब्रील, पाऊस आणि रोजी मिकाईलकडे, कयामतीला, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवशी, सूर (तुतारी) फुंकणार ते इस्राफील. प्राण नेणाऱ्याला आपल्याकडे सगळे इज्राईल म्हणतात. कुरआनात मात्र हे नाव नाही, फक्त 'मलकुल मौत', म्हणजे मृत्यूचा फरिश्ता, असं आहे. त्याला क्रूर समजू नका, तोही हुकमाचाच ताबेदार.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते किरामन कातिबीन, म्हणजे प्रत्येक माणसाची कर्मं लिहिणारे सन्माननीय लेखनिक. लहान मुलांना यांची भीती घातली जाते, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही नोंद कशी होते ते बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसमध्ये आलं आहे. नेकीचा, म्हणजे चांगल्या कामाचा, नुसता इरादा केला, हातून ती झाली नाही, तरी एक नेकी लिहिली जाते. प्रत्यक्ष केली तर दहापासून सातशेपट, त्याहूनही जास्त. वाईट काम मनात आलं आणि अल्लाहसाठी सोडून दिलं, तर त्याचीही एक पूर्ण नेकी. करून टाकलंच तर गुनाह एकच. हे ज्याला लहानपणी कुणी सांगितलं, त्याला त्या लेखनिकांची धास्ती कशाला वाटेल?

आता प्रार्थनेचं. फरिश्त्यांवर विश्वास ठेवणं हा ईमानचा (श्रद्धेचा) भाग आहे, पण दुआ मागायची ती फक्त अल्लाहकडे. नमाजच्या शेवटी उजवीकडे-डावीकडे मान वळवून सलाम फेरतात, त्यात पुष्कळ जण फरिश्त्यांनाही मनात धरतात. तो सलाम आहे, इबादत (उपासना) नव्हे.