लॉगिन करताना 'ॲक्सेस डिनाइड' येतंय? आधी पासवर्ड बदलत बसू नका

अहो घाबरू नका, नव्या माणसाला हे हमखास होतं. सगळ्यात आधी स्क्रीनवर आकडा दिसतोय का बघा. ४०१ म्हणजे साइटला तुमची ओळखच पटली नाही, युजरनेम-पासवर्ड चुकला किंवा सेशन (एकदा लॉगिन केल्यावर मिळणारी मुदत) संपलं. ४०३ म्हणजे मागणी पोचली पण आत सोडायचं नाही असं सर्व्हरने (साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) ठरवलंय, तिथे पासवर्ड दहादा टाकून काही होत नाही, उलट अकाउंट लॉक व्हायचं (मी स्वतः हा उद्योग केलाय, वर कॅप्स लॉक चालू होतं ते वेगळंच).

मग या क्रमाने बघा:

- इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत लॉगिन करा. तिथे चाललं तर दोष जुन्या कुकीजचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) किंवा एखाद्या एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडलेलं जादा प्रोग्रॅम). फक्त त्या साइटच्या कुकीज उडवा, सगळा ब्राउझर साफ करू नका, नाहीतर बाकी सगळीकडूनही लॉगआउट व्हाल.
- व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवणारं ॲप) चालू असेल तर बंद करा. बऱ्याच साइट त्याचे आयपी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, सरळ अडवतात. वायफाय सोडून मोबाइल डेटावरही एकदा बघा.
- बुकमार्कवरून जाऊ नका, लॉगिनचं जुनं पान सेव्ह झालेलं असतं आणि आपण तासभर डोकं आपटत बसतो. होमपेजवरून जा.

एवढं करूनही ४०३च येत असेल तर बहुतेक तुमच्या अकाउंटला त्या पानाची परवानगीच नाहीये, ती साइटवाल्यांनीच द्यायची असते. त्यांना स्क्रीनशॉट आणि वेळ कळवा, पासवर्ड मात्र कुणी मागितला तरी देऊ नका.