मोबाइलवर ३० फ्रेमवर (सेकंदाला ३० चित्रं) काढलेली लग्नाची क्लिप २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर २५ टक्के स्पीडला स्लो केली की झटके देते. प्रीमियर सोडून दाविंची रिझॉल्व्ह घेतलं तर स्मूथ होईल का?

सॉफ्टवेअर बदलून फार काही हाती लागणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून क्लिप ३० फ्रेमची आहे, टाइमलाइन २५ ची आणि स्पीड २५ टक्के. आता हिशोब मांडा. एका सेकंदाचे चार सेकंद झाले, म्हणजे टाइमलाइनला १०० चित्रं हवीत. तुमच्याकडे आहेत ३०. काही वेगळं सांगितलं नसेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र तीनदा दाखवतं आणि मधूनच एखादं चारदा. तीन-तीन-चार, तीन-तीन-चार, हाच तुमचा झटका.

उरलेली ७० चित्रं बनवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मग टाइम इंटरपोलेशन. दाविंचीत क्लिप निवडून इन्स्पेक्टरमध्ये रिटाइम प्रोसेस. तिथलं फ्रेम ब्लेंडिंग शेजारची दोन चित्रं एकमेकांवर पुसट चढवतं, त्यामुळे हाताला दुसरा हात फुटल्यासारखा दिसतो. ऑप्टिकल फ्लो मात्र कुठला ठिपका कुठे सरकला याचा अंदाज बांधून मधलं चित्र नव्याने तयार करतं. प्रीमियरमध्ये ते लावल्यावर टाइमलाइन रेंडर करा, नाहीतर फरक दिसतच नाही आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. दाविंचीच्या फुकट आवृत्तीतही ऑप्टिकल फ्लो आहे. पैसे पडतात ते स्पीड वॉर्पला, म्हणजे त्याच कामाच्या जास्त हुशार पर्यायाला.

पण हा अंदाज चुकतो, आणि लग्नात तर हमखास. मी लग्नांचेच व्हिडिओ एडिट करतो. सुरुवातीच्या दिवसांत मी अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडतात तो क्षण असाच ३० फ्रेमच्या क्लिपमधून २० टक्क्यांवर ताणला होता. तांदळाचे दाणे हवेतच लांब होऊन शेवया झाल्या. नवरीच्या मुंडावळीची सर गालावरून हलली तर तिच्यासोबत गालही कणकेसारखा ओढला गेला. घरच्यांनी टीव्हीवर थांबवून थांबवून पाहिलं! बारीक, भराभर उडणाऱ्या आणि एकमेकांना झाकणाऱ्या गोष्टी असल्या की हे होणारच: अक्षता, जेजुरीचा भंडारा, ताशाच्या काड्या. एकटा माणूस, मागे साधी भिंत, सावकाश हालचाल असेल तर मात्र ऑप्टिकल फ्लो सुंदर चालतो.

म्हणून हातातल्या क्लिपसाठी माझा सल्ला: ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नका, आणि तेही पूर्ण क्लिपला नको. स्पीड रॅम्प करून (वेग हळूहळू कमी-जास्त करून) फक्त तो एक सेकंद संथ करा, जिथे चित्र फाटतं तिथे कट मारून दुसरा अँगल टाका. हळदीसारख्या प्रसंगाला तर ८३.३३ टक्के ठेवून बघा. ३० ची ३० चित्रं २५ च्या टाइमलाइनवर एकेकदा येतात, काहीही बनवावं लागत नाही, आणि स्लो केलंय हे पाहणाऱ्याला कळतही नाही. मला स्वतःला हाच वेग सगळ्यांत आवडतो. (अख्खं लग्न स्लो मोशनमध्ये मागणारी गिऱ्हाइकं भेटतात, त्यांना एकदा वरात तशी दाखवा.)

त्याआधी एक तपासणी करा. क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम रेट मोड बघा. मोबाइलच्या क्लिपला बहुधा व्हेरिएबल असतो, म्हणजे नावाला ३०, प्रत्यक्षात कमी-जास्त. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घ्या, अर्धे झटके कधी कधी तिथेच जातात.

पुढच्या वेळी शूटच ५० किंवा १०० फ्रेमवर करा. मग प्रीमियरमध्ये इंटरप्रेट फुटेजमध्ये किंवा दाविंचीत क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये २५ लिहायचं, बस. ५० ची क्लिप दुप्पट संथ, १०० ची चौपट, आणि प्रत्येक चित्र खरं.

मोबाइल १२० देतो म्हणून हॉलमध्ये डोळे झाकून १२० लावू नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. १२० चा आणि तिचा मेळ बसत नाही, सेकंदाला उजेडाचे २० लपके तयार होतात. तेच २५ च्या टाइमलाइनवर ताणलं की सेकंदाला चारेक लपके, अगदी डोळ्यांत खुपणारे. एडिटमध्ये ते काढणं म्हणजे रात्र घालवणं. १०० फ्रेम आणि १/१०० शटर (प्रत्येक चित्र टिपायला सेकंदाचा शंभरावा भाग) ठेवलं की प्रत्येक चित्राला सारखा उजेड मिळतो. कॅमेऱ्यात १०० दिसत नसेल तर तो एनटीएससीवर (३०-६०-१२० फ्रेमची पद्धत) असेल, पालवर (२५-५०-१०० ची) टाका. बाहेर उन्हात १२० खुशाल वापरा.

आणि हो, प्रीमियरमध्ये स्पीड आणि वॉर्प स्टॅबिलायझर (हलतं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) एकाच क्लिपवर चालत नाहीत. आधी स्पीड लावून क्लिप नेस्ट करा (वेगळ्या सिक्वेन्समध्ये गुंडाळा), मग त्या नेस्टवर स्टॅबिलायझर.