सर्बियन शिकायची असेल, तर इंग्रजी बाजूला ठेवा

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच बेलग्रेडला राहायला आलो आहोत. मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला येथील सरकारी शाळेत पहिलीत घालायचे आहे. कार्यालयात इंग्रजीवर भागते, दुकानांतली तरुण मुलेही इंग्रजी बोलतात. पण शाळा, भाजीबाजार आणि शेजारच्या आजी यांच्यापुढे आमचे काही चालत नाही. सर्बियनमध्ये सात विभक्ती आहेत, लिप्या दोन आहेत, ती काही जमायची नाही, असे येथील भारतीय मंडळी सांगतात. सुरुवात कुठून करावी? हिवाळ्यात सासूबाई येणार आहेत. त्या शाकाहारी आहेत. त्यांना निदान कामापुरते काय शिकवावे?

उत्तर : सर्बियन अवघड असल्याचा बोभाटा मुख्यतः इंग्रजीभाषकांनी केलेला आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था ही भाषा शिकण्यासाठी सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास धरते हे खरे; पण त्याच गटात तिने हिंदीलाही बसवले आहे, हे लक्षात घेतले की त्या यादीचा आपल्याला किती धाक वाटून घ्यायचा ते कळते. आपल्या मंडळींची खरी अडचण अशी की, ती सर्बियन इंग्रजीतून शिकायला जातात आणि मराठीत आयते हाती असलेले भांडवल विसरतात.

लिपीपासून सुरुवात करावी, आणि तीही सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या लिपीपासून. रस्त्यावर, वृत्तपत्रांत आणि भ्रमणध्वनीवर लॅटिन (रोमन) लिपी सर्रास दिसते, म्हणून अनेक जण सिरिलिक पुढे ढकलतात. परंतु २००६च्या राज्यघटनेने अधिकृत वापरासाठी सिरिलिकच सांगितली आहे आणि शाळेत पहिलीला सिरिलिक, दुसरीला लॅटिन असा क्रम असतो. दोन्ही लिप्यांत तीसच अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार ठरलेला आहे. सर्बियन भाषासुधारक वुक काराजिच यांनी एकोणिसाव्या शतकात जशी बोलावी तशी लिहावी या तत्त्वावर ही व्यवस्था घडवली. त्यांचा शब्दकोश १८१८ साली निघाला. या तत्त्वामुळे परकी नावेसुद्धा उच्चाराप्रमाणेच लिहितात, जशी आपण देवनागरीत लिहितो. इंग्रजीतील पी, सी, एच आणि बी यांच्यासारखी दिसणारी अक्षरे अनुक्रमे र, स, न आणि व अशी वाचायची, एवढे अंगवळणी पडले की आठवडाभरात पाट्या वाचता येतात. मात्र पालकांनी हस्ताक्षराची लिपीही वेगळी बसून शिकावी, कारण वळणदार लेखनात काही अक्षरे छापील रूपाशी मेळच खात नाहीत आणि मुलाच्या वहीत बाईंनी लिहिलेली सूचना नेमकी त्याच लेखनात असते.

उच्चारांत आपली बाजू भक्कम आहे. सर्बियनमधील त आणि द हे आपल्या दाताला लागणाऱ्या त-द सारखेच आहेत. इंग्रजीच्या सवयीने ‘डोबार डान’ म्हणू नये, ‘दोबार दान’ म्हणावे. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च हे दोन वेगळे ध्वनी आपण न शिकता वापरतो, आणि सर्बियनला दोन्ही लागतात. अडचण एकच आहे. ‘चार’च्या च-सारखे तेथे दोन ध्वनी आहेत, एक जाडसर आणि एक मऊ, त्यांतला फरक कानाला कळायला काही महिने लागतात, आणि तो चुकला तरी समोरच्याला बहुधा अर्थ लागतो. शब्द देवनागरीत उतरवून पाठ करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण देवनागरी चाक आणि चार यांना एकच अक्षर देते. (मी येथे तेच करते आहे, पण ते सदराच्या सोयीसाठी.)

आता सात विभक्तींकडे वळू. शाळेत आपण आठ पाठ केल्या, त्यामुळे आकड्याला भिण्याचे कारण नाही. ‘जीविम उ बेओग्रादु’ म्हणजे मी बेलग्रेडमध्ये राहते आणि ‘इदेम उ बेओग्राद’ म्हणजे मी बेलग्रेडला जाते. शब्दाचे शेपूट बदलले की अर्थ बदलतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. याहून सुखद योगायोग कर्माच्या बाबतीत आहे. आपण ‘मी शहर पाहते’ म्हणतो, पण ‘मी भावाला पाहते’. सजीवाला ‘ला’ लागतो, निर्जीवाला लागत नाही. सर्बियन पुल्लिंगी एकवचनी नामांचेही तसेच आहे : ‘विदिम ग्राद’, परंतु ‘विदिम ब्राता’. इंग्रजी पाठ्यपुस्तक हा नियम अपवादांसह समजावीत बसते. आपल्याला तो नुसता ओळखायचा असतो. तीन लिंगे, तू आणि तुम्ही यांतील भेद, हाक मारताना नावाचे रूप बदलणे, हे सारे आपल्या घरचेच आहे. मुलाने शिक्षकांना कधीही ‘ती’, म्हणजे तू, म्हणू नये, ‘वी’, म्हणजे तुम्ही, म्हणावे.

मराठी जेथे दगा देते ते ठिकाणही सांगते. भूतकाळात सर्बियन क्रियापद नेहमी कर्त्याचे लिंग धरते. ‘मी गेलो, मी गेले’ या चालीवर ‘मी काम केले’ हे सांगताना पुरुष ‘रादिओ साम’ म्हणतो आणि स्त्री ‘रादिला साम’, येथवर ठीक. पण ‘मी पोळी खाल्ली’ यात आपले क्रियापद पोळीच्या मागे जाते, तसे तेथे होत नाही. याखेरीज बहुतेक क्रियापदे जोडीने असतात, एक चालू असलेल्या कामाचे आणि एक पुऱ्या झालेल्या कामाचे : ‘पिसाती’ म्हणजे लिहीत असणे, ‘नापिसाती’ म्हणजे लिहून पुरे करणे. खरा वेळ आणि श्रम येथे लागतात. क्रियापद वहीत एकटे कधी लिहू नये, जोडीनेच लिहावे.

बोलण्याचा सराव भाजीबाजारात करावा. कालेनिच बाजारात विक्रेते बहुधा वयस्कर असतात आणि ते लगेच इंग्रजीवर उतरत नाहीत, हा मोठाच फायदा. ‘इझ्वोलिते’ म्हणजे ‘बोला, काय देऊ’; त्यावर ‘पोला किले पारादाइझा, मोलिम’ म्हटले की अर्धा किलो टोमॅटो मिळतात आणि वजनानंतर येणारी षष्ठी आपोआप तोंडात बसते. कांद्याला तेथे ‘त्सर्नी लुक’ म्हणजे काळा कांदा म्हणतात आणि लसणीला ‘बेली लुक’ म्हणजे पांढरा कांदा; तेव्हा अलिबागची आठवण ठेवून पांढरा कांदा मागाल, तर पिशवीत लसूण येईल. तरुण दुकानदार इंग्रजी बोलू लागलाच, तर ‘पोलाको, ना स्र्पस्कोम’, म्हणजे हळू, सर्बियनमध्ये, असे हसून सांगावे. लोक खूश होतात.

शिकवणी हवी असल्यास बेलग्रेड विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विद्याशाखेत परकीयांना सर्बियन शिकवणारे केंद्र आहे. आपण स्वतः तेथे जावे असे मी सुचवीन. मुलाला वेगळ्या वर्गाची घाई करू नये, त्याला शाळेचे अंगण पुरेल. घरी मात्र त्याच्याशी मराठीच बोलावे. मोडक्या सर्बियनमध्ये त्याच्याशी बोलून त्याचेही बिघडते आणि मराठीही सुटते.

सासूबाईंना व्याकरण नको, नाती द्यावीत. शेजारच्या आजींशी त्यांचे सूत तेथेच जुळेल, कारण दिराला तेथे ‘देवेर’, सुनेला ‘स्नाहा’ आणि जावेला ‘येत्र्वा’ म्हणतात, आणि काका-मामा यांत ‘स्त्रित्स’ आणि ‘उयाक’ असा भेद ते आपल्याइतकाच कसोशीने पाळतात. खाण्यासाठी ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे त्यांना पाठ हवे. दुसरा उपयोगी शब्द ‘पोस्नो’. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या या पदार्थांत मांस, अंडी आणि दूध नसते. नाताळपूर्वीचा त्यांचा उपवास २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी असा चालतो, म्हणजे सासूबाईंच्या मुक्कामात बेकरीत असे पदार्थ भरपूर मिळतील. मात्र ‘पोस्नो’मध्ये मासे चालू शकतात, त्यामुळे मागताना ‘बेझ रिबे’ हेही जोडून सांगायला शिकवा.