वाचकांचे प्रश्न : पाडा, गाव की ग्रामपंचायत?

प्रश्न : आमचं मूळ घर शहापूर तालुक्यात. सातबाऱ्यावर एका गावाचं नाव, आधारवर पाड्याचं, घरपट्टीच्या पावतीवर तिसरंच. मुलाच्या जातीच्या दाखल्यात कोणतं लिहायचं? आणि जनगणनेत आमचा पाडा का सापडत नाही?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तिन्ही नावं खरी, दप्तरं वेगळी. सातबारा महसूल खात्याचा, त्यावर महसुली गाव. घरपट्टी ग्रामपंचायतीची, गट ग्रामपंचायत असेल तर अनेक गावं एकाच नावाखाली येतात. अर्जात ‘गाव’ म्हणून महसुली गावच निवडा, पाडा पत्त्याच्या ओळीत लिहा. ऑनलाइन यादीत पाडा दिसला नाही की लोक मिळतंजुळतं भलतंच गाव निवडतात आणि अर्ज त्रुटीत परत येतो. पाडा कोणत्या महसुली गावात मोडतो, याचा ग्रामपंचायतीचा दाखला सोबत जोडलेला बरा.

राहता कळव्याला म्हणून ठाण्यात अर्ज करू नका. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 रोजी, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 रोजी कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या प्रांतांची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची, सही लागते. शहापूरचे प्रांत बसतात भिवंडीला. तहसील कार्यालय शहापुरात असल्यामुळे इथे हमखास गल्लत होते. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, तलाठ्याकडे, जन्माची नोंद ग्रामसेवकाकडे. 2024 पासून त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, त्यामुळे नव्या पाट्या पाहून गोंधळू नका.

आता जनगणना. ती महसुली गावाचा एकच आकडा छापते, पाडे त्यातच मिसळलेले असतात. 2011 मध्ये तालुक्याची लोकसंख्या 3,14,103 भरली. पण मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, ऐन वीटभट्टीच्या हंगामात. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली कातकरी आदिवासी कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. मोजणीच्या वेळी पाड्यावर म्हातारी माणसंच उरतात. हा तुटवडा कागदापुरता राहत नाही. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या, 7 ते 17, लोकसंख्येवरच ठरते. म्हणून पाड्याच्या अंदाजासाठी आम्ही मतदारयादी आणि अंगणवाडीचं सर्वेक्षण जास्त भरवशाचं मानतो.

पाड्याला स्वतंत्र ओळख हवी असेल तर वाट आहे. शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. त्याच्या नियमांनुसार पाड्यातल्या किमान निम्म्या मतदारांनी ठराव करून प्रांतांकडे द्यायचा. चौकशीनंतर वेगळं गाव जाहीर होऊ शकतं आणि स्वतःची ग्रामसभा मिळते. सातबाऱ्यावरचं नाव मात्र त्याने बदलत नाही.