नाकावरच्या गाठीच्या लेझर मायक्रोस्कोपीत ‘ट्यूमर दिसला नाही’ असं आलं, तर बायोप्सी टाळावी का?

रिपोर्टमध्ये किती खोलपर्यंत दिसलं हे लिहिलंय का, ते आधी बघा. लिहिलं नसेल तर ‘दिसला नाही’ या शब्दांना मी काडीची किंमत देत नाही. ‘ट्यूमर नाही’ आणि ‘ट्यूमर दिसला नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या तपासणीत, म्हणजे रिफ्लेक्टन्स कन्फोकल मायक्रोस्कोपीत, ८३० नॅनोमीटरचं मंद लेझर त्वचेवर सोडतात. परत फिरलेल्या प्रकाशापैकी फोकसमधल्या पातळीचा तेवढा एका बारीक छिद्रातून आत घेतला जातो, बाकीचा अडवला जातो. त्यामुळे सुरी न लावता ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे आडवे छेद दिसतात. पण हे सगळं वरच्या २०० ते २५० मायक्रॉनपुरतंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाची बेटं (पेशींचे पुंजके) बहुतेकदा बाह्यत्वचेच्या तळाला किंवा तिच्या लगेच खाली असतात, म्हणून तो सापडतो. त्याखाली पसरलेलं काही असेल तर या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि तो पाव मिलिमीटरसुद्धा फुकट मिळत नाही. त्वचेच्या वरच्या कडक थरातलं केराटिन प्रकाश जोरात परतवतं. गाठीवर खपली किंवा जाड पापुद्रा असेल तर पडदा वरच पांढराफटक होतो आणि खाली अंधार. खपली आधी भिजवून सोडवायची असते, तीही रक्त न काढता. रक्त आलं की चित्र गढूळ झालंच. मग त्वचा आणि तिच्यावर चिकटवायची पारदर्शक खिडकी यांच्यामध्ये तेलाचा थेंब, खिडकी आणि लेन्स यांच्यामध्ये जेल. यांपैकी कुठेही हवेचा बुडबुडा राहिला तर मोझेकमध्ये, म्हणजे लहान चित्रं जोडून केलेल्या मोठ्या चित्रात, काळा गोल येतो, आणि नवखा माणूस त्याला पोकळी समजून बसतो. खिडकी जरा तिरकी बसली तर एकाच मोझेकच्या एका कोपऱ्यात बाह्यत्वचेचा काटेरी थर आणि दुसऱ्या कोपऱ्यात डर्मिस (बाह्यत्वचेखालचा थर) येतो. हातातलं यंत्र जास्त दाबलं की केशवाहिन्या रिकाम्या होतात, आणि निदानाची एक चांगली खूण आपल्याच हाताने पुसली जाते. नाकपुडीच्या वळणावर मोठी खिडकी सपाट बसतच नाही, म्हणून तिथे बहुधा हातातलंच यंत्र लागतं. त्यात दिसणारा भाग लहान, आणि अख्खी गाठ चाळायची तर माणसाला चिकाटी हवी.

वाचताना काय शोधतात? २००४ साली बेसल सेल कार्सिनोमासाठी पाच निकष मांडले गेले: लांबट, एकसारखी केंद्रकं, ती सगळी एकाच दिशेला कललेली, वाऱ्याने पीक झुकावं तशी, मधूनमधून दाहाच्या पेशी, वाढलेल्या रक्तवाहिन्या, आणि वरच्या बाह्यत्वचेतली विस्कळीत रचना. चार किंवा अधिक निकष सापडले तर त्या अभ्यासात विशिष्टता (ट्यूमर नसताना ‘नाही’ म्हणण्याचं प्रमाण) ९५.७ टक्के आणि संवेदनशीलता (असलेला ट्यूमर पकडण्याचं प्रमाण) ८२.९ टक्के निघाली. लोक पहिला आकडा पाठ करतात. दुसऱ्याचा अर्थ असा, की चारांचा आग्रह धरला तर शंभरातले सतरा ट्यूमर हातचे निसटतात. दोन निकषांवर थांबलं तर त्या मालिकेत एकही सुटला नव्हता. म्हणून संशयाच्या जागी दोन खुणा दिसल्या तरी तुकडा घ्यावा, म्हणजे बायोप्सी करावी, या मताचा मी आहे. याशिवाय बेटाभोवतीची काळी फट आणि कडेला दाटीने उभ्या पेशींची रांग दिसली तर भरवसा बराच वाढतो. रंगद्रव्य असलेला ट्यूमर वाचायला सोपा. मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली माणसाच्या जिवंत त्वचेची अशी चित्रं प्रसिद्ध केली, तेव्हाच मेलॅनिन ठळक चमकतं हे दाखवलं होतं. गुलाबी, रंगहीन गाठीत ती सोय नसते.

नाक तर फसवायलाच बसलेलं असतं. तिथे केसांची मुळं आणि तैलग्रंथी दाट. आडव्या छेदात मुळाचं आवरण गोल बेटासारखंच दिसतं. तैलग्रंथी वाढली असेल तर रुंद छिद्राभोवती तुतीच्या फळासारखे पुंजके दिसतात. एकाच चित्रावरून हे ओळखू येत नाही. त्याच जागी एकाखाली एक छेद घेत जायचं, मग मूळ वरच्या छिद्राशी जोडलेलं आहे की नाही ते उलगडतं.

आता तो जुना वाद. एक पक्ष म्हणतो, बायोप्सी आहेच, मग हे खेळणं कशाला? अरे, ३ मिलिमीटरचा पंचसुद्धा (गोल पात्याने काढलेला तुकडा) नमुनाच असतो! आठ मिलिमीटरच्या डागात तो चुकीच्या जागी मारला तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय करणार? मोझेकमध्ये बेट कुठे आहे ते पाहून पंच मारला की हा प्रश्न बराच सुटतो. दुसरा पक्ष ‘न कापता निदान’ अशी जाहिरात करतो, त्याच्यावर माझा जास्त राग आहे. वरवरचा प्रकार दिसला म्हणून मलम सुरू केलं आणि खाली बारीक फाट्यांनी घुसणारा प्रकार असेल तर? कॉलेजनमध्ये (डर्मिसच्या तंतूंमध्ये) शिरलेले ते फाटे चमकत नाहीत, काळ्या सावल्यांसारखे दिसतात, आणि तेही वरच्या थरात असले तरच.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगाची शंका असेल तर हे सगळं आणखी सैल होतं. मधाच्या पोळ्यासारखी नेहमीची रचना मोडलेली दिसते, पण पेशी बाह्यत्वचेखालचा तळपडदा ओलांडून खाली गेल्या की नाही, हे जाड केराटिनखाली बहुतेकदा कळत नाही. निर्णय तर त्यावरच असतो. तिथे सरळ तुकडा.

हे सगळं लिहिलं तरी एक मान्य करतो: वाचणारा अनुभवी असेल, चित्रं डर्मिसपर्यंत स्वच्छ आली असतील, सबंध गाठ चाळली असेल आणि डर्मोस्कोपीतही (त्वचा भिंगाखाली मोठी करून बघण्यात) फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या नसतील, तर काही महिन्यांनी पुन्हा बघू म्हणणं चूक नाही. गाठ वाढली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त आलं तर मात्र जुना रिपोर्ट बाजूला ठेवून बायोप्सी करा. आणि कन्फोकल पुन्हा करायची असेल तर ती बायोप्सीच्या आधी. नंतर त्या जागी सूज, नव्या रक्तवाहिन्या आणि व्रणाचं कॉलेजन येतं आणि वाचणाऱ्याचा गोंधळ वाढतो.