ॲप्रनचा गंज आणि वरवरची ठिगळे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दादर): माझ्या वीस वर्षे जुन्या मारुती ८००च्या डाव्या ॲप्रनवर (बॉनेटखाली, चाकाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर), शॉक-ॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टांभोवती, गंजाचे पापुद्रे सुटू लागले आहेत. वरून पत्रा मारून फायबर भरले की काम होईल, असे डेंटर सांगतो. त्याचे ऐकावे का?

उत्तर: ऐकू नये. या गाडीत मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक-ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, असल्यामुळे पुढच्या कोपऱ्याचे वजन आणि खड्ड्यांचे दणके स्ट्रटच्या वरच्या टोकातून थेट ॲप्रनमध्ये उतरतात. फायबर किंवा पुटी तो भार घेऊ शकत नाही. गंजावर पत्रा चढवला तर दोन थरांमध्ये ओल अडकून गंज आतल्या आत वाढत राहतो आणि कमकुवत कडांना मारलेले वेल्डिंगचे टाके काही दिवसांत फाटतात.

आधी चाक काढून आतला चिखल धुवावा, जोडांवरचा जुना सीलर खरवडावा आणि टोकदार हातोडीने पत्रा हलकेच ठोकत जावे. निरोगी पत्रा खणखणतो, तर गंजलेला बद्द वाजतो, आणि डोळ्यांना रुपयाएवढा दिसणारा डाग पुष्कळदा तळहाताएवढा निघतो. मग गाडी भक्कम स्टँडवर घेऊन स्ट्रट उतरवावा, डाव्या-उजव्या बोल्टांच्या छिद्रांमधली तिरकी मापे लिहून ठेवावीत आणि चकचकीत धातू लागेपर्यंत गंजका भाग कापून काढावा. ही मापे घेण्याचा कंटाळा केला, तर पुढे कितीही अलाइनमेंट केले तरी गाडी एका बाजूला ओढत राहते.

नवा पत्रा मूळच्याच जाडीचा घ्यावा आणि मिग वेल्डिंगने (विजेवर, सतत पुढे येणाऱ्या तारेने होणाऱ्या), जागा बदलत, छोटे टाके मारून तो बसवावा. गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते, त्यामुळे पत्रा वाकतो आणि मागच्या बाजूचा रंग जळून तिथे नवा गंज धरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवल्या आहेत आणि जवळपासचे ब्रेकचे व पेट्रोलचे पाइप बाजूला घेतले आहेत, हे स्वतः उभे राहून पाहावे.

प्रश्न (मुलुंड): रेडिएटरखालचा आडवा पत्रा कुजला आहे. त्याऐवजी जाड लोखंडी अँगल वेल्ड करून घेतला तर गाडी अधिक मजबूत होईल ना?

उत्तर: दिसायला होईल. प्रत्यक्षात जाड अँगल वाकत नाही, म्हणून सगळा ताण त्याच्या दोन्ही टोकांशी असलेल्या पातळ पत्र्यावर येतो आणि तिथेच चिरा पडतात. शिवाय धडकेत चेपून दणका पचवण्याची पुढच्या भागाची रचनाही बिघडते. या जागेसाठी तयार बॉटम पॅनेल मिळते, तेच घ्यावे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुने आणणार असाल, तर आधी ते उलटे करून आतली बाजू पाहा.

प्रश्न (माहीम): घर समुद्राजवळ आहे. दुरुस्तीनंतर गंज परत येऊ नये म्हणून खालून वापरलेले इंजिन ऑइल मारावे का?

उत्तर: मारू नये, त्याने सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी बुश फुगून खराब होतात. जोडावर झिंक प्रायमर आणि सीलर लावून पोकळ भागांत छिद्रांतून पातळ मेण फवारावे, मात्र पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत. गंजावरच काळे कोटिंग मारणे म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

प्रश्न (बोरिवली): १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी जवळ आली आहे. एवढा खर्च करावा का?

उत्तर: नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते, तेव्हा एकाच ॲप्रनचे काम असेल तर जरूर करावे. दोन्ही ॲप्रन कुजले असून चाकांना धरून ठेवणारे खालचे आर्म जिथे बसतात तो भागही पोखरला असेल, तर मात्र गाडी भंगारात द्यावी. हा निर्णय इंजिनाच्या कामावर पैसे घालण्यापूर्वी, गाडी लिफ्टवर चढवून घ्यावा.